नियम मोडतो तेव्हा



विद्यार्थ्याला उत्तर येते. परंतु ते कशावरून, हे सांगता येत नाही. शालेय शिक्षणातील हा जुना सल आहे. वाचन, शोध आणि तर्क ही कौशल्ये उपदेशाने नव्हे, कृतीने येतात. त्यांसाठी खर्चिक साधनेही लागत नाहीत. चंडीगढचा एक नकाशा पुरेसा होतो. महाराष्ट्रातील बहुतेक मुलांनी ते शहर पाहिलेले नसते, त्यामुळे पाठांतर तेथे कामास येत नाही.

आधी वाचन. १९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातील पंजाबसाठी नवी राजधानी वसवावी लागली. ल कॉर्ब्युझिए यांच्या आराखड्यानुसार तिचे सेक्टर पडले. सेक्टर २२ हा आरंभी वसलेल्यांपैकी एक. मुलांनी नकाशात त्याचे शेजारी शोधावेत: वर १७, खाली ३५, दोन्ही बाजूंना २१ आणि २३.

मग तर्क. १७ आणि २२ यांची बेरीज ३९. शेजारच्या १६ आणि २३ यांचीही ३९. १८ आणि २१ यांचीही तीच. नियम सापडला म्हणून वर्ग हरखतो. नेमक्या याच क्षणी शिक्षकाने खालची ओळ तपासायला सांगावी. २२ आणि ३५ यांची बेरीज ५७, २१ आणि ३४ यांची ५५. नियम मोडला! येथे उत्तर सांगून टाकण्याचा मोह शिक्षकाने आवरायला हवा. थोड्या वेळाने कोणीतरी वजाबाकी करून पाहते: प्रत्येक जोडीत १३. कारणही मुलांनाच गवसते. १४ ते १९ आणि २० ते २५ या ओळींचे क्रमांक, नांगरताना बैल वळावेत तसे, उलटसुलट दिशांनी वाढतात. म्हणून बेरीज स्थिर राहते. ३३ ते ३८ ही ओळ मात्र २० ते २५ च्याच दिशेने जाते. म्हणून तेथे वजाबाकी स्थिर राहते.

शेवटी शोध. सेक्टर १३ कोठे आहे? मूळ आराखड्यात तो नव्हता. अलीकडे मनीमाजरा परिसरास तो क्रमांक मिळाला. जुने पुस्तक ‘नाही’ म्हणते, नवा नकाशा ‘आहे’ म्हणतो. पुस्तकाचे प्रकाशनवर्ष का पाहावे, हे मुलांना येथे उमगते. वहीत तीन रकाने असावेत: पाहिले, वाचले, ऐकले. १३ हा आकडा अशुभ म्हणून वगळला, ही सर्वतोमुखी असलेली गोष्ट पुरावा मिळेपर्यंत तिसऱ्याच रकान्यात राहते.

आपले अनुमान चुकले, हे न लाजता मान्य करणारा विद्यार्थी पुढे अफवेला सहजासहजी बळी पडत नाही. पालकांनी घरी ‘किती गुण मिळाले?’ याबरोबर ‘हे कशावरून?’ असेही विचारावे. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावांचे जुने-नवे नकाशे शाळेच्या ग्रंथालयास द्यावेत. हीरकमहोत्सवाची ती भेट पुढील अनेक वर्गांच्या उपयोगी पडेल.