काचेच्या कपाटाबाहेर
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



 आजचा विषय ऐकून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. मराठी मंडळाच्या उत्सवात पूर्व आशियाई कलेच्या संग्रहालयाचे काय प्रयोजन? परंतु आपल्या भूमीपासून दूर गेलेली संस्कृती परक्या गावी कशी नांदते, हा प्रश्न आपणा सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे. आणि त्या प्रश्नाला शंभराहून अधिक वर्षे तोंड देणारी एक संस्था जर्मनीतील कोलोन शहरात आहे.

आडोल्फ फिशर व त्यांच्या पत्नी फ्रीडा यांनी चीन, जपान व कोरिया या देशांत हिंडून कलावस्तू जमविल्या. १९०९ साली त्यांनी कोलोन शहराशी करार केला आणि १९१३ साली संग्रहालयाचे दार लोकांसाठी उघडले. दुसऱ्याच वर्षी आडोल्फ फिशर निवर्तले. त्या काळात एखाद्या स्त्रीने संग्रहालयाची धुरा वाहणे ही दुर्मीळ गोष्ट होती. फ्रीडाबाईंनी ती वाहिली. त्यांचे दुसरे पती ज्यू वंशाचे होते, म्हणून नाझी राजवटीत, १९३७ साली, त्यांना पद सोडावे लागले. १९४४ साली बाँबवर्षावात इमारत नष्ट झाली. संग्रह आधीच अन्यत्र हलविलेला असल्यामुळे बव्हंशी वाचला. पण त्याला पुन्हा स्वतःचे घर मिळावयास १९७७ साल उजाडले. तळ्याकाठची ती नवी वास्तू जपानी वास्तुशिल्पी कुनिओ मायेकावा यांनी रचली. चंदीगडची आखणी करणाऱ्या ल कोर्बुझिए यांच्या पॅरिस येथील कार्यालयात तरुणपणी काम केलेले हे गृहस्थ. वास्तूच्या मधल्या चौकातील उद्यान मासायुकी नागारे या जपानी शिल्पकाराचे आहे.

संग्रह वाचला, घरही मिळाले. तरीही एक अडचण उरतेच, आणि ती अशा सर्वच संग्रहालयांची अडचण आहे. रेशमावरील व कागदावरील चित्रांना उजेड सोसत नाही. काही आठवडे वा महिने ती मांडावयाची आणि मग पुन्हा दीर्घकाळ अंधारात विसावू द्यावयाची, असा नियम पाळावा लागतो. जपानी घरातही लांबट गुंडाळीचे चित्र बारमाही भिंतीवर टांगत नाहीत. ऋतू पालटला की ते उतरवून दुसरे लावतात. मातीच्या पात्रांना उजेडाचे भय नाही, पण त्यांना हात लावावयाचा नाही. वस्तू वापरली तर झिजते. न वापरली तर ती कशासाठी घडली, हे पाहणाऱ्याला कळत नाही.

या पेचातून काढलेली वाट म्हणजे संग्रहालयांतील प्रात्यक्षिके आणि कार्यशाळा. कोलोनप्रमाणेच इतरत्रही ही वाट रुळली आहे. इंग्लंडमधील बाथ येथे, हाँगकाँगमध्ये वकिली केलेल्या ब्रायन मॅकएल्नी यांच्या संग्रहातून १९९३ साली उभे राहिलेले छोटेखानी संग्रहालय हे तिचे दुसरे उदाहरण. जी वस्तू हाती देता येत नाही, तिच्यामागची कृती हाती द्यावी, असा त्यामागील विचार आहे.

अक्षरलेखनाचेच पाहा. लेखणी, शाई, कागद आणि शाईचा दगड यांना चिनी परंपरेत विद्वानाच्या अभ्यासिकेतील चार रत्ने म्हणतात. शाई म्हणजे काजळी आणि सरस यांची वडी. आपण सहाणेवर गंध उगाळतो, तशी ती दगडावर थोड्या पाण्यात उगाळावयाची. घाई केली तर शाई पातळ राहते. मग ‘चिरंतन’ या अर्थाचे ‘योंग’ हे अक्षर गिरवावयाचे, कारण लेखनातील आठ मूलभूत फटकारे त्या एकाच अक्षरात येतात. कुंचला कागदाला टेकला की खाडाखोड करण्याची सोय नाही. हे एकदा हाताने अनुभवलेला मुलगा पुन्हा दालनात जातो, तेव्हा भिंतीवरील अक्षरपट त्याला निराळा दिसतो. फटकारा कोठे सुरू झाला, कोठे हात थबकला, कोठे शाई संपत आली, हे त्याला चिनी भाषा न येताही दिसू लागते.

चहाचा विधीही तसाच. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू यांनी ज्याला घाट दिला, त्या विधीत हिरव्या चहाची पूड गरम पाण्यात घालून बांबूच्या लहानशा रवीने घुसळतात. पाहुणा कटोरा दोन्ही हातांत घेतो आणि त्याची दर्शनी बाजू ओठांशी येऊ नये म्हणून तो किंचित फिरवून मगच पितो. कपाटातील कटोऱ्याची आपल्याला एकच बाजू दिसते. त्याचे वजन, त्याची ऊब आणि बुडाचा खडबडीतपणा, ज्यासाठी कुंभाराने एवढा खटाटोप केला, ते तळहातालाच उमगते.

अर्थात या वाटेवर एक धोकाही आहे, तो लपवू नये. किमोनो अंगावर चढवून छायाचित्र काढून घेणे म्हणजे जपान समजणे नव्हे. फुटलेले पात्र लाखेने सांधून सांध्यावर सोन्याची पूड देण्याची एक जपानी कला आहे. ती लाख दमट हवेत कित्येक दिवस ठेवल्यावर पक्की होते. दोन तासांच्या वर्गात तिच्याजागी झटपट सुकणारे रसायन वापरणे भाग पडते. चांगला शिक्षक हे उघडपणे सांगतो. ज्या कलेचा प्राण धीरात आहे, तिचे केवळ सोनेरी टोक हाती देऊन ‘तुम्हाला कला आली’ असे म्हणणे ही फसवणूक ठरेल.

मात्र हाताने दिलेली विद्या किती दूर जाऊ शकते, याची साक्ष आपल्याच देशात आहे. १९०३ साली योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार कलकत्त्याला आले. ताइकान रंगवीत असताना अवनींद्रनाथ ठाकूर जवळून पाहत असत. ओल्या कुंचल्याने रंग पसरविण्याची त्यांची रीत पाहून अवनींद्रनाथांनी चित्रच पाण्यात बुडवून रंग मुरविण्याची स्वतःची पद्धत काढली. त्यांनी नक्कल केली नाही. घेतलेले पचवून आपले केले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातील चिनी व जपानी वस्तू आहेत. सुटीत मुलांना घेऊन जाल, तेव्हा ‘हे काय आहे’ याबरोबरच ‘हे कसे केले असेल’ हेही त्यांना अवश्य विचारा.

श्रोतेहो, पन्नास वर्षे आपण या परगावी मराठी नाटके केली, गणपती बसविले, पुस्तके जमविली. हे लहान काम नव्हे. पण आपली भाषा आणि रीतभात मुलांच्या दृष्टीने काचेच्या कपाटात जाऊन बसली नाही ना, हे तपासण्याची हीच वेळ आहे. वर्षातून एकदा टाळ्या वाजवून पाहावयाची वस्तू म्हणजे परंपरा नव्हे. आजोबांच्या पेटीतील मोडी कागद मुलांना नुसते दाखवू नयेत. बोरू तासून एक ओळ त्यांच्याकडून लिहवून घ्यावी. मोदक आयते आणण्याऐवजी उकड मळावयास त्यांना पाटावर बसवावे. पहिल्या मोदकाला कळ्या येणार नाहीत, ओळ वाकडी जाईल, जाऊ द्यावी. आणि शेजारच्या घरातील परभाषी मुलांनाही त्याच पाटावर जागा द्यावी. कोलोनच्या संग्रहालयात शिकावयास येणारी मुले तरी कोठे जपानी घरांतलीच असतात!