टांग्याचा घोडा



पोळ्याला आपण बैलाला पुरणपोळी देतो. टांग्याच्या घोड्याने आपल्या आयांना इतवारीतून स्टेशनावर नेले, त्याचा सण कुठला?

1965 च्या सरकारी नियमांप्रमाणे पारा 37 अंशांवर गेला तर दुपारी 12 ते 3 जनावर जुंपायचे नाही. आपल्या नागपूरचा वैशाख आठवा!

पण हे झाले जुंपण्याचे. सोडल्यावर काय? 2015 साली उच्च न्यायालयाने मुंबईतील व्हिक्टोरिया बंद करावयास सांगितले, तेव्हा घोड्यांची व गाडीवानांची सोय लावण्यासही सांगितले. गाडीवानावर रागावून काय होणार? त्याचीच चूल जेमतेम पेटते, बसून खाणारा घोडा तो कोठून पोसणार?

म्हणून माझी सूचना अशी, की आपण मूठ-फंड काढतो तसा दरमहा घरटी मूठभर हरभरा म्हाताऱ्या घोड्यांसाठी काढावा. दात झिजलेले असतात, तेव्हा भरडून, भिजवूनच द्यावा.