कपाटातले लॅपटॉप आणि शाळेचे वाय-फाय



सकाळपासून सगळे आठवणींत रमलेत आणि मी वाय-फायवर बोलायला उभा आहे. पण विषय शाळेचाच आहे.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे लॅपटॉप आपल्यापैकी कितीतरी जणांच्या कपाटात पडून असतील. त्यांवर लिनक्स टाकलं, तर शाळेच्या संगणक कक्षात ते आणखी काही वर्षं चालतील. मी हेच काम करतो आणि एक तक्रार नेहमी ऐकतो, “लिनक्सवर वाय-फाय सारखं तुटतं.”

तक्रार खोटी नाही, पण तिचं मूळ समजून घ्यायला हवं. वाय-फायच्या चिपशी बोलायला ड्रायव्हर लागतो. चिप बनवणाऱ्या अनेक कंपन्या त्यासाठीची माहिती देतच नव्हत्या. स्वयंसेवकांनी चिपचं वागणं तपासून ड्रायव्हर लिहिले. पुढे परिस्थिती सुधारली. २०१० मध्ये ब्रॉडकॉमने काही चिपांचा ड्रायव्हर खुला केला. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून चिपला लागणारं फर्मवेअर, ते खुलं नसलं तरी, अधिकृत इन्स्टॉलरमध्येच मिळू लागलं.

म्हणून लॅपटॉप देण्याआधी एवढं करा. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा; त्यासाठी ते इन्स्टॉल करावं लागत नाही. तासभर वाय-फाय वापरून पाहा. मध्येच तुटलं, तर वायरलेस कार्डची वीजबचत बंद करून पाहा. वाय-फाय दिसतच नसेल, तर लिनक्सच्या कर्नलमध्येच ज्याचा ड्रायव्हर आहे असा यूएसबी अडॅप्टर सोबत द्या. शिवाय आपल्या शाळेच्या भिंती जाड दगडी आहेत. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी त्यांत लवकर क्षीण होतात. लांबच्या वर्गांत २.४ गिगाहर्ट्झ बरं.

गणिताच्या बाई म्हणायच्या, “नुसतं उत्तर नको, पायऱ्या लिही, म्हणजे चुकलं कुठे ते मला दिसेल.” खुल्या सॉफ्टवेअरचं मोल मला त्यातच दिसतं. पायऱ्या समोर असतात, म्हणून कोणीतरी चूक शोधून दुरुस्त करू शकतं. उद्या ते आपल्याच शाळेतलं एखादं पोर असेल.

तेव्हा लॅपटॉप जरूर द्या, पण तपासून द्या. “हा बंद आहे, दुसऱ्यावर बस,” असं मुलांना सांगायची वेळ आपल्या शिक्षकांवर येऊ नये.