विद्यादान आणि जुने संगणक

(संघाच्या वार्षिक मेळाव्यात विद्यासाहाय्य समितीच्या वतीने केलेले भाषण)



आपल्या संघाच्या कार्यात विद्यादानाला पहिल्यापासून अग्रस्थान आहे. गरजू विद्यार्थ्यांस पुस्तके, फीची रक्कम व वसतिगृहात जागा मिळवून देण्याचे कार्य आपल्या पूर्वसूरींनी आरंभिले आणि आपण ते यथाशक्ति चालवीत आहोत. यंदा या कार्याला नवी शाखा फुटण्याचा योग आला आहे. लंडनच्या परिसरात स्थायिक झालेल्या आपल्या काही कुटुंबांनी असे सुचविले आहे की, तेथील कचेऱ्यांतून व घरांतून काढून टाकले जाणारे संगणक दुरुस्त करून केनियातील शाळांना द्यावेत आणि त्या कामी संघाने द्रव्यसाहाय्य करावे. सूचना स्तुत्य आहे. मात्र तिला संमती देण्यापूर्वी अशा दानाचे मर्म सभेपुढे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

कठोपनिषदाच्या आरंभीची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. वाजश्रवसाने यज्ञात सर्वस्वदान मांडले. पण दक्षिणेसाठी आणलेल्या गाई पाहून बाल नचिकेताचे मन अस्वस्थ झाले. दूध आटलेल्या, थकलेल्या गाई दिल्याने देणाऱ्याचा गोठा तेवढा मोकळा होतो. घेणाऱ्याच्या गळ्यात मात्र त्या पोसण्याचा भार पडतो. जुन्या संगणकांच्या दानातील सारा धोका या एका कथेत आलेला आहे.

हा धोका काल्पनिक नाही. 2005 साली बासेल ॲक्शन नेटवर्क या संस्थेने नायजेरियातील लागोस बंदराची पाहणी केली. तेथे दरमहा सुमारे 500 कंटेनर भरून जुनी विद्युत्-उपकरणे उतरत असत, आणि स्थानिक जाणकारांच्या अंदाजाने त्यांतील सुमारे 75 टक्के माल दुरुस्तीच्या वा विक्रीच्या लायकीचा नव्हता. तो उकिरड्यावर जाई आणि तेथे जाळला जाई. त्या धुरात शिशासारखी विषे असतात, आणि ती प्रथम जातात भंगार वेचणाऱ्या गरिबांच्या पोरांच्या छातीत. याच पाहणीत विकत घेतलेल्या जुन्या हार्ड डिस्कवर मूळ मालकांची खाजगी माहिती जशीच्या तशी आढळली. अशा घातक कचऱ्याच्या वाहतुकीवर बंधने घालणारा बासेल करार 1989 साली झाला होता. 1 जानेवारी 2025 पासून त्याच्या कक्षेत सर्वच विद्युत्-कचरा आला असून, घेणाऱ्या देशाच्या पूर्वसंमतीवाचून तो धाडता येत नाही. तेव्हा चालू यंत्र आणि कचरा यांतील भेद हा आता केवळ नीतीचा प्रश्न राहिला नसून कायद्याचाही झाला आहे.

परंतु म्हणून हे कार्यच त्याज्य मानावे, असे आम्हांस मुळीच वाटत नाही. लंडनची कॉम्प्युटर एड इंटरनॅशनल ही संस्था गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून हे काम करीत आहे आणि दोन लाखांहून अधिक संगणक तिने विकसनशील देशांत पोहोचविले आहेत. केनियातच 2002 साली कॉम्प्युटर्स फॉर स्कूल्स केनिया ही संस्था स्थापन झाली. शाळांना दुरुस्त संगणक देऊनच ती थांबत नाही. शिक्षकांस प्रशिक्षण देते, यंत्र बिघडल्यास साहाय्य करते. पुढे 2012 साली तिने नैरोबीत निकामी यंत्रे गोळा करून त्यांची रीतसर विल्हेवाट लावणारे केंद्रही उभारले. यंत्राच्या आगमनाइतकीच त्याच्या उत्तरक्रियेची चिंता वाहणारी ही पद्धत आम्हांस अनुकरणीय वाटते.

आता यंत्रांकडे वळू. विंडोज 10 या प्रणालीस निर्मात्यांकडून मिळणारे विनामूल्य साहाय्य 14 ऑक्टोबर 2025 रोजी सर्वसाधारणपणे संपले. तिच्या पुढची आवृत्ती अनेक सुस्थितीतील संगणकांवर चढत नाही, म्हणून ते अडगळीत पडत आहेत. त्यांवर लिनक्स ही मोफत प्रणाली घातल्यास ते शाळेच्या कामास उत्तम चालतात. जेथे इंटरनेट नाही तेथे कीविक्ससारख्या साधनाने संपूर्ण विकिपीडिया संगणकातच साठवून देता येतो. विजेचा तुटवडा असेल तेथे डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप द्यावा. त्याला वीज पुष्कळ कमी लागते. जेथे वीजच नाही अशा गावांसाठी वर उल्लेखिलेल्या लंडनच्या संस्थेने जहाजी कंटेनरमध्येच सौरशक्तीवर चालणारी संगणकशाळा सिद्ध केली. तिचे नाव ‘झुबाबॉक्स’. आफ्रिकेतील न्यान्जा भाषेत ‘झुबा’ म्हणजे सूर्य.

तथापि उत्तम यंत्र दिले म्हणजे विद्या आली, असेही नव्हे. पेरू देशातील 319 ग्रामीण शाळांचा अभ्यास करून 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात असे दिसून आले की, मुलांना कोरे करकरीत लॅपटॉप मिळूनही सुमारे 15 महिन्यांनंतर त्यांच्या गणितात वा भाषेत काहीच फरक पडला नव्हता. नव्या यंत्रांची ही गत, मग जुन्यांची काय कथा! यंत्राच्या मागे शिक्षक उभा नसेल, तर ते कपाटाची शोभा होऊन राहते.

कोणी विचारील, आपल्या खेड्यांतील शाळा उपाशी असता केनियाची चिंता कशाला? प्रश्न रास्त आहे. पण परदेशांतील वापरलेले संगणक भारतात आणण्यावर आपल्या सरकारचे निर्बंध आहेत. त्यास परवाना लागतो. लंडनची यंत्रे लंडनच्या मार्गानेच जावीत, हे सोयीचे. येथील कुटुंबांच्या घरी असलेले संगणक मात्र येथील शाळांनाच मिळावेत, आणि जे निकामी असतील ते नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रांकडेच सोपवावेत, भंगारवाल्याकडे नव्हे. दोन्ही ठिकाणी कसोटी मात्र एकच हवी.

ती कसोटी आम्ही चार अटींच्या रूपाने सभेपुढे ठेवीत आहोत. पहिली : शाळेने आपण होऊन मागितल्यावाचून काहीही देऊ नये, आणि शाळेची गरज तिच्या शिक्षकांनीच लिहून कळवावी. दुसरी : प्रत्येक यंत्र पूर्ण तपासून, त्यातील माहिती कायमची पुसून, कीबोर्ड, माउस, वीजतार व काही सुटे भाग यांसह द्यावे, बंद यंत्र ‘सुट्या भागांसाठी’ म्हणूनही धाडू नये. तिसरी : यंत्रांवर जितका खर्च होईल, तितकीच रक्कम शिक्षकांचे प्रशिक्षण व पुढील दुरुस्ती यांसाठी राखून ठेवावी. चौथी : यंत्राचे आयुष्य संपल्यावर ते कोण परत घेणार, हे आधी लेखी ठरावे.

या अटींमुळे खर्च वाढेल आणि यंत्रांची संख्या घटेल, हे आम्ही जाणतो. अहवालात शंभर संगणकांचा आकडा शोभून दिसतो, वीसांचा दिसत नाही. पण शंभर दिले आणि वर्षाने दहाच चालू राहिले, तर नव्वदांचा भार आपण एका गरीब शाळेच्या माथी मारला, असाच त्याचा अर्थ होईल. वीस दिले आणि वीसही चालू राहिले, तर ते विद्यादान.

म्हणून आमची सभेस नम्र विनंती आहे की, लंडनवासी कुटुंबांच्या सूचनेस या चार अटींसह मान्यता द्यावी आणि पहिल्या वर्षी एकाच शाळेपासून प्रारंभ करावा. ज्या कुटुंबांस द्रव्य देणे शक्य नाही, त्यांच्यातील संगणकाचे ज्ञान असलेल्या तरुण-तरुणींनी आठवड्यातून दोन तास येथील शाळांच्या यंत्रांची तपासणी करण्यास द्यावेत. तेही दान कमी मोलाचे नाही.