पिकअपमागे मळणीयंत्र : ओढण्याआधी थांबवण्याचा विचार

(सातपुडा परिसरातील कार्यकर्ते, वाहनचालक आणि हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



दिवाळीच्या आसपास आपल्या पाड्यांवर ज्वारी, मका आणि सोयाबीनची मळणी सुरू होते. एक मळणीयंत्र चार-पाच पाड्यांना पुरवायचे असते. यंत्र खाली गावात, शेत वर डोंगरात आणि ट्रॅक्टर दुसऱ्याच्या कामावर गेलेला. मग कोणी तरी म्हणतो, "पिकअप आहे ना? बांधा मागे." बाजाराचा माल, आजारी माणूस, लग्नाचे वऱ्हाड हे सगळे पिकअपच वाहते, तेव्हा यंत्रही नेईल असे वाटणे साहजिक आहे. बहुतेक वेळा ते वर पोहोचतेसुद्धा. प्रश्न पोहोचण्याचा नाहीच. वळणावर समोरून एसटी आली, तर हे सगळे ओझे थांबेल का, हा प्रश्न आहे.

ट्रॅक्टर जड असतो, त्याची मागची चाके मोठी असतात आणि तो मुळातच सावकाश चालतो. म्हणून मागचे यंत्र त्याला सहजासहजी ढकलू शकत नाही. पिकअपचे तसे नाही. ओझे पाठीवर घेण्यासाठी ती बनवलेली आहे, मागून ढकलणारे ओझे थोपवण्यासाठी नव्हे. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक मळणीयंत्रांना स्वतःचे ब्रेकही नसतात आणि स्प्रिंगही नसतात. त्यांचे टायर बैलगाडीच्या वेगासाठी केलेले असतात. म्हणजे थांबवण्याचे सगळे काम पिकअपच्या चार चाकांवर येते.

थोडा हिशेब करू. समजा, यंत्र १,२०० किलोंचे आहे. दहा फुटांत एक फूट उतरणाऱ्या रस्त्यावर ते यंत्र पिकअपला साधारण १२० किलोंच्या जोराने सतत खाली ढकलते. हे झाले नुसते सावकाश उतरताना. आता वेगाचा हिशेब. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर दुप्पट नाही, सुमारे चौपट होते. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते, म्हणजे चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच तेवढा रस्ता संपलेला असतो. म्हणून माझे सांगणे असे की यंत्र मागे असताना सपाट रस्त्यावर २०-२५ आणि घाटात १०-१५ च्या पुढे जायचेच नाही. चांदसैली असो की देवगोई, त्या वळणांवर घाई करून वाचतात ती फार तर पंधरा-वीस मिनिटे.

आता निघण्यापूर्वीची कामे.

पहिले काम वजनाचे. अंदाजाने बोलू नका. यंत्राच्या पाटीवर वजन असेल तर ते पाहा, नसेल तर बाजाराच्या गावातल्या वजनकाट्यावर यंत्र एकदा तोलून आकडा त्याच्या अंगावर रंगाने लिहून ठेवा. पिकअपच्या नोंदणीपत्रात रिकामे वजन आणि एकूण भारित वजन लिहिलेले असते. त्या दोन्हींतला फरक म्हणजे गाडीने उचलायचे ओझे, आणि त्यात माणसेही आली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये दंड आहे. पिकअपमागे यंत्र जोडायला आपल्या कागदपत्रांत मुभा आहे का, हे आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधी विचारा आणि विम्याचे उत्तर लेखी घ्या. अपघातानंतर विचारून काही उपयोग नसतो.

ओढायचे ठरलेच, तर माझा नियम सोपा आहे : ब्रेक नसलेले यंत्र पिकअपच्या रिकाम्या वजनाच्या निम्म्यापेक्षा जड असेल, तर ते घाटात पिकअपमागे जोडायचे नाही. गाडीच्या पुस्तिकेत यापेक्षा कमी मर्यादा दिली असेल, तर ती पाळायची.

दुसरे काम जोडणीचे. हूक चासीला बोल्टने बसवलेला हवा. बंपरला वेल्डिंग करून लावलेला हूक हा हूक नव्हेच. दोराने किंवा नुसत्या साखळीने यंत्र कधीही ओढू नका, कारण चढावर ते मागे येते, पण उतारावर ब्रेक लावताच पिकअपच्या पाठीवर आदळते. ताठ दांडीच हवी आणि ती जमिनीला समांतर राहील एवढ्या उंचीचा हूक हवा. पिनेला खालून खिट्टी घाला. शिवाय दोन सुरक्षा साखळ्या दांडीखालून एकमेकींना ओलांडून लावा. पीन तुटली तर दांडी रस्त्यात रुतण्याऐवजी त्या साखळ्यांच्या झोळीत पडते. साखळी वळणाला पुरेल इतकी सैल असावी, पण जमिनीला घासू नये.

तिसरे काम तोल पाहण्याचे. दोन चाकांच्या यंत्राच्या वजनापैकी १० ते १५ टक्के भार हुकावर यावा. १,२०० किलोंच्या यंत्राला तो १२० ते १८० किलो होतो. धान्याच्या व्यापाऱ्याकडे जमिनीवरचा मोठा काटा असतो, त्यावर दांडीचे टोक टेकवले की हा आकडा कळतो. भार फार कमी असेल तर यंत्र मागे डुलायला लागते. फार जास्त असेल तर पिकअपचे मागचे टोक दबते, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. चाळण्या, पट्टे, अवजारांची पेटी असे सुटे सामान पुढे-मागे हलवून हा तोल साधता येतो. धान्याची पोती यंत्राच्या मागच्या बाजूला मात्र टाकू नका. ट्रॅक्टरला जोडायचा फिरता दांडा काढून पिकअपमध्ये बांधून ठेवा.

आता रस्त्यावरचे. निघाल्यावर दोन-तीन किलोमीटरवर थांबा. चाकांचे नट, पीन, साखळ्या पाहा. चाकाच्या तुंब्याजवळ हात नेऊन बघा. चटका बसत असेल तर बेअरिंग जात आहे. वळताना यंत्राची चाके आतल्या बाजूने कापत जातात, म्हणून वळण मोठे घ्या. यंत्र डुलू लागलेच तर जोरात ब्रेक मारू नका, स्टिअरिंगला झटके देऊ नका. ते सरळ धरा, अॅक्सिलरेटर सोडा आणि वेग आपोआप उतरू द्या.

घाट उतरण्यापूर्वी, वर सपाटीवरच, खालचा गिअर टाका. सतत ब्रेक दाबून उतरले की ब्रेक तापतात आणि मग पकडत नाहीत. जळका वास आला की थांबायचे आणि ते थंड होऊ द्यायचे. आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करण्याची किंवा गाडी न्यूट्रल करण्याची सवय काही चालकांना आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनचा आवरही सुटतो. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखे होते. पाचपन्नास रुपयांच्या डिझेलसाठी हा सौदा करू नका.

यंत्र जोडताना-सोडताना गाडी आणि यंत्र यांच्यामध्ये कोणीही उभे राहू नये. इशारा देणारा एकच माणूस असावा आणि तो चालकाला आरशात दिसेल असा बाजूला उभा असावा. सोडण्याआधी यंत्राच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. रात्री ओढू नका. दिवसाही मागे लाल कापड आणि रिफ्लेक्टर हवेतच.

आणि यंत्रावर, दांडीवर किंवा मागे पिकअपच्या हौद्यात मजूर बसवायचे नाहीत. मळणीला जाणारी माणसे त्याच खेपेत नेली की भाडे वाचते, हे मला माहीत आहे. पण घाटात काही बिघडले तर चालकाला निदान दार असते, हौद्यातल्या बाईला आणि तिच्या मांडीवरच्या लेकराला काहीच नसते. पाड्यावरची माणसे आपल्याला "नाही" म्हणत नाहीत. आपण आणलेल्या गाडीत बसायला सांगितले की ती बसतात. म्हणून "नाही" म्हणण्याची जबाबदारी आपली आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा घालावा, असे जुन्या करारात सांगितले आहे. तो कठडा घरधन्यासाठी नाही, त्याच्या छतावर येणाऱ्यांसाठी आहे.

शेवटी दोन शब्द हितचिंतकांसाठी. आपण यंत्र देता, त्यावर नाव लागते, फोटो निघतो. आपले आभार मानावे तेवढे थोडेच. पण यापुढे यंत्राबरोबर साखळ्या, पीन, ठोकळे, रिफ्लेक्टर आणि पहिल्या हंगामाचे ट्रॅक्टरभाडेही देणगीत धरा. यंत्र जड असेल तर ट्रॅक्टर लागतोच, आणि ट्रॅक्टरचे पैसे नसले की सगळ्यांची नजर पिकअपकडे जाते. ते भाडे फोटोत दिसणार नाही. पण संध्याकाळी चालक, मजूर आणि यंत्र तिघेही धड घरी आले, तर त्यात आपला वाटा असेल.

हंगाम जवळ आला आहे. या आठवड्यात आपापल्या केंद्रातले यंत्र वजनकाट्यावर न्या आणि आकडा लिहून आम्हाला कळवा. पुढचे सगळे त्या आकड्यावर ठरेल.