अर्जातील माप



तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताच्या अतिचारांत खोटे माप आणि नकली माल यांची गणना आहे. कापड मोजणाऱ्यास हे लवकर उमगते. नोकरीचा अर्ज लिहिणाऱ्यास क्वचितच. बी.कॉम. झाल्यावर मीही ‘जमाखर्चाचा २ वर्षांचा अनुभव’ लिहिला होता. वडिलांच्या दुकानात बसत असे, एवढेच खरे. पेढीवरील मुनीमजींनी तेरीज काढावयास सांगितली. दुपारपर्यंत ती जुळेना. ते रागावले नाहीत, पाणी दिले. त्याचीच अधिक लाज वाटली.

टॅली असो वा जीएसटीचे विवरणपत्र, स्वहस्ते केले तेवढेच लिहावे. जे येत नाही ते मुलाखतीत आपणहून सांगावे, शिकण्यास किती दिवस लागतील तेही. असे सांगणाऱ्या एका मुलीस मी दुकानात घेतले. आता दरमहा विवरणपत्र तीच भरते.