आठवणी विचारण्याचे काम



मिशनऱ्यांवर बोलायला कामगार संघटनेचा माणूस कशाला, असा प्रश्न आपल्या चेहऱ्यांवर मला दिसतो आहे. मी धर्मावर बोलणार नाही. परमुलखात उभे आयुष्य घालवून म्हातारपणी घरी परतलेल्या मिशनऱ्यांच्या आठवणी लोकांनी कशा टिपून घेतल्या, एवढाच माझा विषय आहे. टिपून घेण्याचे हे काम मी आमच्या लोकांत थोडेफार केले आहे. शाळा फार झाली नाही, पण कान तयार झाले.

चीनचे उदाहरण घेऊ. १९२५ च्या सुमारास त्या देशात जवळजवळ ८,००० प्रॉटेस्टंट मिशनरी होते. १९४९ साली राज्यक्रांती झाली, १९५० साली कोरियाचे युद्ध पेटले, आणि पुढच्या दोनतीन वर्षांत यांतले जे उरले होते तेही बहुतेक सगळे निघून गेले. शाळा आणि दवाखाने मागे राहिले. बरोबर गेल्या त्या आठवणी. कॅलिफोर्नियातील क्लेअरमाँट या गावी निवृत्त धर्मसेवकांची ‘पिलग्रिम प्लेस’ नावाची वसाहत १९१५ पासूनची. त्याच गावच्या पदव्युत्तर विद्यालयाने १९७० च्या सुमारास चीनमध्ये राहिलेल्या वृद्ध मिशनऱ्यांपुढे ध्वनिमुद्रक ठेवला आणि त्यांना बोलते केले. पुढे मिनेसोटात सेंट पॉल येथेही असेच काम झाले.

आपण म्हणाल, त्यांची पत्रे होतीच की! होती. मिशनची मंडळी पत्रे लिहिण्यात मोठी वाकबगार. आपल्याकडे मुंबई-नगरला काम केलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या मातृसंस्थेचे दप्तर हार्वर्ड विद्यापीठात जपलेले आहे. पण पत्र वरिष्ठांना लिहिलेले असते आणि पैसे देणाऱ्यांनाही ते वाचून दाखवायचे असते. आमच्या युनियनचा वार्षिक अहवाल मीच लिहितो. त्यात काय गाळतात हे मला कोणी सांगायला नको. (हशा)

कोलंबिया विद्यापीठात अ‍ॅलन नेव्हिन्स यांनी १९४८ साली या पद्धतीचा पाया घातला. तेथला एक रिवाज मला फार पटतो. बोललेले सगळे लिहून काढतात आणि सांगणाऱ्याला परत वाचायला देतात. तो दुरुस्त करतो, सही करतो, आणि वाटल्यास अमुक पाने इतकी वर्षे उघडू नका, अशी अटही घालतो. म्हणजे हा रीतसर करारच झाला.

पण करार नीट झाला तरी प्रश्न चुकला की सारे फुकट. एका जुन्या साचेवाल्याकडे मी वही घेऊन गेलो होतो. विचारले, “संपात काय घडले?” त्याने मला माझेच गेटसभेतले भाषण म्हणून दाखवले! दुसऱ्या खेपेस विचारले, “संप लांबला तेव्हा घरातले पहिले भांडे कोणते विकले?” मग तो दोन तास बोलला. मिशनऱ्याचेही तेच. “चीनमध्ये तुमचे कार्य काय?” असे विचारले की प्रवचन मिळते. “तुम्हाला चिनी बोलायला कोणी शिकवले? स्वयंपाक्याला पगार किती होता?” असे विचारले, तर पत्रात कधी न आलेला एक माणूस खोलीत येऊन उभा राहतो. त्याच्याविषयी बोलताना साहेबाचा आवाज बदलतो की नाही, हेही फितीवर ऐकू येते.

या मंडळींत गिरणीच्या दारापर्यंत गेलेलीही माणसे होती. ख्रिस्ती तरुणींच्या संघाच्या, म्हणजे वाय.डब्ल्यू.सी.ए.च्या अ‍ॅगाथा हॅरिसन १९२१ साली शांघायला गेल्या. रेशमाच्या कारखान्यांत लहान पोरी उकळत्या पाण्याजवळ कोष ढवळत उभ्या असत. नेमलेल्या समितीने १९२४ साली मागितले काय, तर आधी दहा वर्षांखालची मुले कामावर नकोत. १९२५ साली विदेशी करदात्यांच्या सभेपुढे ठराव आला आणि गणसंख्येअभावी पडला. याच बाई १९२९ साली व्हिटली कमिशनच्या कामासाठी हिंदुस्थानात आल्या आणि पुढे गांधीजींच्या विश्वासातल्या झाल्या. १९५४ साली त्या वारल्या. क्लेअरमाँटचे काम सुरू झाले ते त्यानंतर पंधराएक वर्षांनी.

त्या पोरींना कोणी विचारले काय? एमिली होनिग नावाची अभ्यासक १९७९ नंतर शांघायला जाऊन निवृत्त गिरणी-कामगार बायकांना भेटली. तिचे पुस्तक १९८६ साली निघाले. ते मला थोडे झोंबले. आम्हाला वाटते, एका खात्यात राबणाऱ्या सगळ्या एक. तिला दिसले ते निराळे. सुबेईकडून आलेल्या बायकांना दक्षिणेकडच्या बायका हलके लेखत. गुंडांच्या भीतीने घरी जाताना घोळके करून जात, तेही बहुधा आपापल्या गावच्याच. आमच्या चाळींत खोल्या कशा भरत, कोणता जॉबर कोणत्या तालुक्यातली माणसे भरती करी, हे ज्यांनी पाहिले त्यांना यात नवल नाही. पण आमच्या पत्रकांत ते कधी आले नाही.

त्या साचेवाल्याच्या घरी दोन्ही खेपांना त्याच्या बायकोने चहा दिला. ती वाइंडिंग खात्यात होती, हे मला माहीत होते. मी कप खाली ठेवला आणि वही मिटून निघालो. नवरा आता नाही, ती आहे. येत्या रविवारी तिच्याकडे जाणार आहे. आधी तिने विकलेल्या भांड्याचे विचारीन.